भिंत बंद होण्याआधी: घरातल्या पाइप आणि वायरिंगचं गणित

स्लॅब पडला, विटांच्या भिंती उभ्या राहिल्या की बघणाऱ्याला वाटतं, आता घर झालंच. स्वतः उभं राहून घर बांधून घेणाऱ्याची खरी कसोटी मात्र इथून पुढे सुरू होते. सांडपाण्याचे पाइप, नळाची लाइन, वायरिंग, अर्थिंग, हवा बाहेर टाकायची वाट, हे सगळं आता भिंतीच्या आणि फरशीच्या पोटात जाणार आणि गिलावा चढला की कायमचं नजरेआड होणार. भिंतीचा रंग आवडला नाही तर पुढच्या वर्षी बदलता येतो. उलट्या उताराने बसलेला संडासचा पाइप फरशी फोडल्याशिवाय हलत नाही.

म्हणून या टप्प्यावर प्रत्येक कामाला मी एकच प्रश्न लावतो: हे झाकल्यावर बिघडलं, तर काय काय फोडावं लागेल? जितकं जास्त फोडावं लागणार, तितकं ते काम आधी ठरवायचं आणि तितकं कसून तपासायचं. पुढे जे काही लिहिलं आहे, ते या एका प्रश्नाच्या धाग्यानेच.

आधी कोण, मग कोण

प्लंबर आणि वायरमन एकाच दिवशी साइटवर आले की भिंतीवरून वाद होतात. मला इथून पाइप न्यायचाय, मला तिथे बोर्ड हवाय. हा वाद सोडवायला निसर्गाचा एक नियम पुरतो. सांडपाणी फक्त उतारानेच जातं, त्याला वर चढता येत नाही. नळाचं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे ते वर, खाली, आडवं कुठेही नेता येतं. वायरला तर उताराचंही बंधन नाही आणि दाबाचंही. ज्याला सर्वांत कमी मोकळीक, त्याला पहिली जागा. सांडपाण्याचे पाइप आधी, मग नळाची लाइन, मग वायरिंगच्या नळ्या. हा क्रम कागदावर धरायचा आहे. प्रत्यक्षात छतातल्या दिव्या-पंख्यांच्या नळ्या आणि पाइप आरपार जाण्यासाठीच्या स्लीव्ह स्लॅबचं काँक्रीट पडण्याआधीच ठेवाव्या लागतात. काँक्रीट पडल्यावर आठवण झाली, तर कोअर कटिंगची, म्हणजे मशीनने काँक्रीटला भोक पाडण्याची पाळी येते, आणि त्यात सळई कापली जाण्याची भीती असते.

दुसरी गोष्ट लेव्हलची. फरशी अजून बसलेली नसते, तेव्हा ‘जमिनीपासून अमुक उंचीवर’ म्हणजे नेमकं कुठून? प्लंबर कच्च्या कोब्यावरून मोजतो, वायरमन स्लॅबवरून, आणि शेवटी बेसिनचे कॉक एका उंचीवर, शेजारचा स्विचबोर्ड भलत्याच उंचीवर येतो. यावर उपाय साधा आहे. तयार फरशी जिथे येणार तिथून बरोबर १ मीटर उंचीवर लेव्हल ट्यूब किंवा लेझर लावून सगळ्या खोल्यांच्या भिंतींवर एक आडवी रेघ मारून घ्यायची. त्यानंतर प्रत्येक कारागिराने माप घ्यायचं ते त्या रेघेपासून वर किंवा खाली. अर्ध्या दिवसाचं काम, पण पुढची असंख्य भांडणं मिटतात.

सांडपाणी: ढाळ, ट्रॅप आणि हवा

सांडपाण्याच्या पाइपला साधारणपणे मीटरला दीड ते अडीच सेंटीमीटर ढाळ लागतो. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात हा ढाळ किती जागा खातो ते बघा. समजा, कमोड एका भिंतीला आहे आणि उभा पाइप ज्या शाफ्टमध्ये (उभे पाइप नेण्यासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेत) आहे, तो शाफ्ट कमोडपासून ४ मीटर दूर. मीटरला २ सेंटीमीटर धरले, तर शाफ्टपाशी पाइप ८ सेंटीमीटर खाली गेलेला असणार. पाइपची स्वतःची जाडी ११ सेंटीमीटर. म्हणजे नुसत्या पाइपलाच १९ सेंटीमीटर खोली हवी. त्याखाली वॉटरप्रूफिंगचे थर, वर भराव, कोबा आणि फरशी. बाथरूमचा स्लॅब १५ सेंटीमीटरच खाली सोडला असेल, तर हे बसतच नाही. मग कारागीर काय करतो? ढाळ कमी करतो, नाहीतर बाथरूमची फरशी पायरीएवढी वर उचलतो. तोच कमोड शाफ्टच्या भिंतीला घेतला असता, तर ढाळापायी दोन सेंटीमीटरच गेले असते. कमोडची जागा नकाशावर ठरवताना आधी शाफ्ट कुठे आहे ते पाहावं, फरशीचं डिझाइन नंतर.

पाइपला पाइप जोडताना काटकोनी टी टाळून ४५ अंशांचा वाय घ्यावा. पाणी वाहत्या दिशेनेच मिसळतं, समोर आदळत नाही, म्हणून घाण साचत नाही. आणि जिथे दिशा बदलते तिथे झाकण उघडता येईल असा डोअर बेंड किंवा डोअर टी बसवावा, तोही हात पोचेल अशा ठिकाणी. कितीतरी घरांत हे झाकण भिंतीकडे तोंड करून बसवलेलं असतं. असून नसल्यासारखंच.

आता ट्रॅप. नहाणी ट्रॅप असो, बेसिनखालचा असो की कमोडच्या आतला, त्याचं काम एकच. त्याच्या वळणात पाणी कायम थांबून राहतं आणि गटारातला वायू घरात येण्याची वाट अडवतं. या पाण्याच्या पडद्याची उंची साधारण ५० मिलिमीटर असते. पाच सेंटीमीटर पाणी, एवढीच घर आणि गटार यांच्यामधली आड आहे.

हा पडदा दोन कारणांनी जातो. वापर नसलेल्या बाथरूममध्ये पाणी वाफ होऊन उडून जातं. तिथे अधूनमधून तांब्याभर पाणी ओतलं की काम भागतं. दुसरं कारण जास्त त्रासाचं. वरच्या मजल्यावर फ्लश केला की बरंच पाणी उभ्या पाइपातून एकदम खाली येतं आणि येताना मागची हवा ओढत आणतं. त्या पाइपाला वरून हवा मिळाली नाही, तर ती हवा जवळच्या ट्रॅपमधून ओढली जाते आणि ट्रॅपमधलं पाणीही बरोबर जातं. फ्लशनंतर नहाणीतून गुडगुड ऐकू आली, तर हेच चाललेलं असतं. त्यासाठी उभा पाइप छताच्या वर नेऊन, वरून मोकळा ठेवून, त्याला फक्त जाळीची टोपी लावायची. याला व्हेंट म्हणतात. गच्चीवर पाइप दिसतो म्हणून तो खालीच बंद करून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. बाथरूममधल्या वासाचं मूळ बरेचदा या बंद पाइपात असतं आणि लोक मात्र फिनाइल बदलत राहतात.

नळाचं पाणी: दाब उंचीतून येतो

गच्चीवरच्या टाकीतून पाणी घेत असाल, तर एक आकडा पाठ असू द्या: १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण १ बार दाब. टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरच्या तोंडापासून ३ मीटर वर असेल, तर शॉवरला मिळणारा दाब ०.३ बार. पाइपात घासून त्यातलाही थोडा जातो. शोरूममध्ये जोरात कोसळणारा मोठा शॉवर घरी लावल्यावर ठिबकतो, त्याचं कारण हे. टाकीत किती पाणी मावतं याचा दाबाशी संबंध नाही, ती किती उंचावर आहे याच्याशी आहे. वरच्या मजल्यासाठी टाकी उचलून घ्यायची की प्रेशर पंप बसवायचा, हे शॉवर विकत घेण्याआधी ठरवा. पंपाचं ठरलं तर त्याची वीज आणि त्याची जागा आत्ताच धरावी लागते.

गरम पाण्याच्या लाइनबद्दल दोन गोष्टी. साधा यूपीव्हीसी पाइप गरम पाण्याला चालत नाही, तो मऊ पडतो. त्यासाठी गरम पाणी सोसणारं सीपीव्हीसी किंवा पीपीआर प्लास्टिक वापरतात. पण प्लास्टिक तापलं की लांबतं, आणि बरंच लांबतं. १० मीटरचा सीपीव्हीसी पाइप ४० अंशांनी तापला, तर अडीच सेंटीमीटरच्या आसपास वाढतो. तो दोन्ही टोकांना सिमेंटमध्ये घट्ट जखडला, तर हा सगळा ताण सांध्यांवर येतो. लांब सरळ धाव टाळावी, मध्ये वळण द्यावं आणि क्लॅम्पमध्ये पाइपला सरकायला जागा ठेवावी.

दुसरी गोष्ट अंतराची. २२ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या पाइपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी असतं. गीझर नळापासून १२ मीटर दूर असेल, तर दर वेळी गरम पाणी येण्याआधी ३ लिटर गार पाणी वाहून जातं, आणि नळ बंद केल्यावर पाइपात राहिलेलं ३ लिटर गरम पाणी तिथेच निवतं. पाणी वाया, वीजही वाया, रोज. गीझर नळाजवळ घ्या.

सीपीव्हीसीचा सांधा चिकटवल्यावर सॉल्व्हंट (सांधा चिकटवायचा द्रव) सुकायला पुरेसा वेळ द्यावा लागतो. मग लाइन पाण्याने भरून, आतली हवा काढून, हातपंपाने नेहमीच्या कामकाजी दाबाच्या दीडपट दाब द्यायचा आणि दाबमापकाचा काटा तासन्‌तास बघायचा. काटा उतरला तर कुठेतरी गळती आहे. ही टेस्ट पाण्यानेच करायची, काँप्रेसरच्या हवेने करायची नाही. दाबलेली हवा ऊर्जा साठवून ठेवते. प्लास्टिकचा सांधा सुटला, तर तुकडे उडून माणूस जखमी होतो. पाणी तसं दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी नुसती पिचकारी उडते. प्लास्टर आणि टाइल्सचं काम चालू असतानाही लाइन दाबाखालीच ठेवावी. कोणी चुकून खिळा मारलाच, तर त्याच क्षणी कळतं.

प्रत्येक बाथरूमला आणि स्वयंपाकघराला वेगळा बंद करायचा कॉक हवा. एक वॉशर बदलायला सगळ्या घराचं पाणी बंद करावं लागणं, याहून फुकटची गैरसोय नाही. हा कॉक पुढे आणखी एका कामाला येतो, ते शेवटी सांगतो.

झिऱ्या मारताना

पाइप आणि नळ्यांसाठी भिंतीत झिऱ्या, म्हणजे लांब खाचा मारतात. कॉलम आणि बीमला हात लावायचा नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. भिंतीचीही मर्यादा असते, हे मात्र विसरलं जातं. बऱ्याच ठिकाणी पाळला जाणारा नियम असा: उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत, आडवी झिरी एक षष्ठांशापर्यंत. आडव्या झिरीला जास्त बंधन, कारण वरून येणारं वजन पेलणारी जाडी ती सगळ्या लांबीभर कमी करते. गणित करून बघा. २३० मिलिमीटर भिंतीत आडवी झिरी ३८ मिलिमीटर चालते, पाइप बसतो. ११५ मिलिमीटरच्या भिंतीत ती जेमतेम १९ मिलिमीटर चालते, म्हणजे २२ मिलिमीटरचा पाइपही बसत नाही. अर्ध्या विटेच्या भिंतीतून आडवी पाण्याची लाइन न्यायचीच नाही. फरशीखालून किंवा छताजवळून आणून उभी उतरवायची.

तिरकी झिरी कधीच नको. वायरिंग बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली किंवा सरळ आडवं असेल, तर फोटो न पाहताही अंदाज करता येतो की खिळा कुठे मारायचा नाही.

वीज: वायर वाचवणारं वेगळं, माणूस वाचवणारं वेगळं

विजेच्या कामात सर्वांत मोठा गैरसमज एमसीबीबद्दल, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणाऱ्या बोर्डातल्या स्विचबद्दल आहे. एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवतो असं लोकांना वाटतं. त्याचं काम वायर वाचवण्याचं आहे. वायरमधला प्रवाह दुप्पट झाला, तर तिच्यात तयार होणारी उष्णता चौपट होते. साधं पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. वायर त्यापुढे तापून आवरण वितळण्याआधी प्रवाह तोडायचा, हे एमसीबीचं काम. म्हणून एमसीबी निवडायचा तो वायरच्या जाडीवरून. वारंवार ट्रिप होतो म्हणून १६ अँपिअरच्या जागी ३२ अँपिअरचा बसवला आणि वायर तीच ठेवली, तर त्या भिंतीत आग लागण्याची सोय करून ठेवली.

२३० व्होल्टवर ३ किलोवॉटचा गीझर १३ अँपिअर ओढतो. त्याला स्वतंत्र सर्किटच हवं, एसीलाही तसंच. दिव्यांचं सर्किट प्लगांपासून वेगळं असावं, म्हणजे इस्त्रीने एमसीबी पाडला तरी घर अंधारात जात नाही.

एमसीबीला न दिसणारी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: ढिला स्क्रू. समजा, गीझरच्या प्लगमध्ये वायर नीट आवळलेली नाही आणि त्या सांध्यात अर्धा ओहम रोध तयार झाला. १३ अँपिअरला तिथे साधारण ८५ वॉट उष्णता तयार होते, वाटाण्याएवढ्या जागेत. प्रवाह तर १३ अँपिअरच आहे, त्यामुळे एमसीबी निवांत असतो. प्लग आधी पिवळा पडतो, मग काळा. म्हणून वायरमनच्या हाताखाली उभं राहून प्रत्येक टर्मिनल आवळलेलं बघणं हे घरमालकाचं काम आहे, त्यात कमीपणा नाही. भिंतीच्या आत, नळीमध्ये कुठेही जोड नको. जोड फक्त उघडता येणाऱ्या बॉक्समध्ये.

माणसाला वाचवणारं उपकरण म्हणजे आरसीसीबी. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत ताडून बघतो. दोन्ही सारखे असतील तर ठीक. थोडा प्रवाह दुसऱ्याच वाटेने, समजा तुमच्या अंगातून, जमिनीत गेला, तर हिशोब चुकतो आणि तो सेकंदाच्या काही अंशात वीज तोडतो. घरात ३० मिलिअँपिअरचा वापरतात. १६ अँपिअरच्या एमसीबीची मर्यादा याच्या पाचशे पटीहून जास्त आहे. जीव घ्यायला पुरेसा प्रवाह त्याच्या खिजगणतीतही नसतो. आरसीसीबीलाही मर्यादा आहे. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, तर त्याचा हिशोब बरोबरच येतो आणि तो पडत नाही.

घरात एकापेक्षा जास्त आरसीसीबी असतील, तर प्रत्येकाचे न्यूट्रल शेवटपर्यंत वेगळे ठेवावे लागतात. एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्यात मिसळला की काही दोष नसताना ते पडत राहतात. कंटाळून वायरमन आरसीसीबीच काढून सरळ जोड देतो. त्या दिवसापासून ते घर उघडं पडलं असं समजा.

अर्थिंग का हवं? गीझरच्या धातूच्या अंगाला आतून फेज लागला आणि अर्थिंग नसेल, तर ते अंग कुणीतरी हात लावण्याची वाट बघत राहतं. अर्थिंग असेल, तर प्रवाह लगेच जमिनीची वाट धरतो आणि हात लागण्याआधीच आरसीसीबी पडतो. तीन पिनांच्या प्रत्येक सॉकेटपर्यंत अर्थची वायर खरंच पोचली आहे का, हे मल्टिमीटरने तपासून घ्यावं. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे मागे वायर आहे, असं नाही.

वायरच्या नळ्यांबद्दल एकच आग्रह. प्लास्टरनंतर वायर ओढता आली पाहिजे आणि वीस वर्षांनी काढताही आली पाहिजे. नळीचा निम्म्याहून जास्त भाग मोकळा ठेवा, दोन बॉक्समध्ये दोनपेक्षा जास्त काटकोनी वळणं नकोत. आणि काही नळ्या रिकाम्याच टाका: गच्चीवरून मुख्य बोर्डापर्यंत, इंटरनेट जिथे येणार तिथून प्रत्येक खोलीपर्यंत. भिंत उघडी असताना रिकाम्या नळीचा खर्च नगण्य असतो. एसी जिथे लागणार तिथे त्याच्या पाण्याचा पाइपही आत्ताच टाका. तोही सांडपाणीच आहे, त्यालाही ढाळ लागतो.

बाथरूमची फरशी आणि हवा

टाइल पाणी अडवते असं वाटतं, पण टाइलच्या सांध्यांतून पाणी झिरपतंच. पाणी अडवायचं ते खालच्या वॉटरप्रूफिंगने. तो थर भिंतीवरही वर चढवावा लागतो, शॉवरच्या भागात माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत. पाइप जिथे स्लॅबमधून आरपार जातो तो गोल कोपरा सर्वांत कच्चा, तिथे स्वतः वाकून बघा. मग नहाणीचं तोंड बंद करून फरशीवर पाणी साठवायचं आणि किमान ४८ तास ठेवायचं. खालच्या छतावर ओल आली नाही, तरच टाइलवाल्याला बोलवायचं. काम मागे पडलंय म्हणून ही टेस्ट गाळायचा आग्रह होतो. तो मानू नका.

हवेकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. ३० अंशांच्या हवेत घनमीटरला साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांच्या हवेत १७. अंघोळीनंतरची गरम दमट हवा गार भिंतीला लागली की जास्तीचं पाणी भिंतीवर उतरतं आणि कोपऱ्यात बुरशी धरते. एक्झॉस्ट फॅनने ही हवा घराबाहेरच टाकली पाहिजे. फॉल्स सीलिंगच्या पोकळीत सोडली, तर बुरशी वर, न दिसणाऱ्या जागी धरते. आणि जेवढी हवा बाहेर जाईल तेवढी आत यायला हवी, म्हणून दाराखाली एक-दोन सेंटीमीटर फट ठेवा. घट्ट बंद खोलीत फॅन नुसता आवाज करतो.

गॅसचा गीझर बंद बाथरूममध्ये कधीही बसवू नका. ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि चक्कर येते आहे हे कळेपर्यंत माणसाच्या पायातलं बळ गेलेलं असतं. एक्झॉस्ट फॅन लावलाय म्हणून चालेल, असंही समजू नका. तो गीझर मोकळ्या हवेतच बसवायचा.

झाकण्याआधी आणि राहायला जाण्याआधी

प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो काढा, आणि फोटोत मोजपट्टी उघडून धरलेली असू द्या, एक कोपऱ्यापासून आणि एक त्या १ मीटरच्या रेघेपासून. माप नसलेला फोटो पुढे ड्रिल मशीन हातात असताना फारसा उपयोगी पडत नाही.

काम पूर्ण झाल्यावर सगळे नळ एकदम उघडून दाब बघा. वरचा फ्लश करून खालच्या ट्रॅपमधलं पाणी हलतं का ते बघा. आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबा आणि पुढेही दर काही महिन्यांनी दाबत जा. साठवणीचा गीझर लावला की त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं पाणी ठिबकेल. २० अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत तापलं की दीड टक्का फुगतं, म्हणजे २५ लिटरच्या गीझरमध्ये साधारण ४०० मिलिलिटर. मागे सरकायला वाट नसेल, तर ते पाणी इथूनच बाहेर येतं. गळतोय म्हणून त्या व्हॉल्व्हचं तोंड कुणालाही बंद करू देऊ नका.

मग एका रात्री सगळे नळ बंद करून टाकीत येणारं पाणीही बंद करा आणि टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करून ठेवा. सकाळी पातळी उतरलेली दिसली, तर पुढच्या रात्री एका बाथरूमचा कॉक बंद ठेवा, त्यानंतरच्या रात्री दुसऱ्याचा. ज्या रात्री पाणी खुणेवरच राहील, त्या बाथरूमचे फोटो काढून बसा.